रोटाव्हेटरच्या पात्यांवरचा झीजरोधक थर: तडे, तुटणे आणि रॉडची निवड

पऱ्हाटी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातून लिहितो आहे. माझ्याकडे ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि ४२ पात्यांचा ६ फुटी रोटाव्हेटर आहे. घरचे वावर थोडे आणि भाड्याची कामे जास्त. सोयाबीन निघाले की हरभऱ्यासाठी आसपासच्या गावांत रान तयार करून देतो. आमच्याकडे नदीकाठची काळी आणि वरच्या अंगाची खडकाळ बरड अशी दोन्ही प्रकारची जमीन एकाच शिवारात आहे. बरडावर पाती अशी झिजतात की हंगाम संपेपर्यंत रुंद पात्याची अरुंद पट्टी होऊन जाते.

यंदा सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून सगळ्या नव्या पात्यांवर झीजरोधक रॉडचा थर चढवून घेतला. थरावर आडव्या, केसासारख्या बारीक तड्यांच्या रेषा दिसत होत्या. विचारले तर त्या येतातच, असे उत्तर मिळाले. महिनाभर पाती शेडमध्ये पडून होती. कामाला लावल्यावर पहिल्या तीन दिवसांत बरडात ७ पाती तुटली. एक तुकडा मागच्या झाकणाच्या पत्र्यावर आदळून पत्रा फाटला. मागे कोणी नव्हते म्हणून निभावले. उरलेली पाती मात्र अजून चालू आहेत आणि त्यांची धार खरोखरच कमी झिजली आहे, त्यामुळे हा प्रकार सोडून द्यावा असेही वाटत नाही. पाती त्या तड्यांमुळे तुटली का, आणि तसे असेल तर तडे न येणारा रॉड कोणता घ्यावा, हे कोणी अनुभवावरून सांगेल का? रॉडच्या पुड्यावर काठिण्य ६० रॉकवेल असे छापलेले होते, यापेक्षा जास्त मला त्याविषयी माहीत नाही.

ठिणगी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३५

पऱ्हाटीभाऊ, दुकानदार तड्यांविषयी खोटे बोलला नाही. मी घुग्गुस-राजुरा पट्ट्यातील सिमेंट आणि कोळशाच्या कामांवर ठेकेदाराकडे वेल्डर म्हणून बरीच वर्षे काढली आहेत. तिथे दळणाच्या मोठ्या रोलरवर लोखंड, क्रोमियम आणि कार्बन यांच्या मिश्रधातूचे थर जागेवरच चढवले जातात आणि त्या थरांवर ठरावीक अंतराने आडवे तडे पडलेले असतात. ते नसले तर उलट आम्हालाच शंका येते. थर निवताना आकसतो, खालचे पोलाद त्याला आकसू देत नाही आणि थर इतका कडक असतो की ताणला जाण्याऐवजी तो फाटतो. फाटला की ताण मोकळा होतो. हा तडा थराच्या तळाशी थांबला पाहिजे, एवढी एकच अट आहे. तो खालच्या पोलादात उतरला तर मग ते पाते नसून मोडायला ठेवलेली वस्तू आहे.

तुमचा तडा कुठे थांबला हे इथे बसून सांगता येणार नाही, म्हणून थोडी माहिती द्यावी. पाती नेमकी कुठे तुटली: थरावर, वळणावर की बोल्टच्या भोकापाशी? थर एका बाजूने दिला होता की दोन्ही? वेल्डिंगनंतर पाती कशी निववली? आणि तुटलेला एखादा तुकडा जपून ठेवला असेल तर त्याची मोड, म्हणजे तुटलेली बाजू, उजेडात धरून पाहा. तिचा रंग सगळीकडे सारखा आहे का?

पऱ्हाटी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

तुकडे ठेवले आहेत. सातही पाती वळणावर तुटली, भोकापाशी एकही नाही. थर दोन्ही बाजूंनी दिला होता आणि धारेपासून वळण ओलांडून वर दांडीपर्यंत सलग नेला होता, कारण मीच 'कंजुषी करू नका' असे म्हटले होते. पोरगा पाती हातात घेता यावीत म्हणून एकेक पाते पाण्याच्या टाकीत बुडवत होता, हे मी स्वतः पाहिले. मोडीवर एका कडेला नखाएवढा चंद्रकोरीसारखा तांबूस-काळसर भाग आहे आणि बाकीची मोड चकचकीत, दाणेदार आहे.

ठिणगी | १९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. तो तांबूस भाग गंजाचा आहे. महिनाभर पाती शेडमध्ये असताना सप्टेंबरची दमट हवा त्या फटीत शिरली, म्हणजे वावरात जाण्यापूर्वीच पाते तिथे तडकलेले होते. चकचकीत भाग हा दगड लागल्यावर एका फटक्यात गेलेला भाग. दगडाने फक्त शेवट केला.

रोटाव्हेटरची बरीचशी पाती बोरॉन मिसळलेल्या पोलादाची असतात, त्यात कार्बन साधारण ०.३ टक्के असतो. काही पाती कमानपट्ट्याच्या म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची असतात, त्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. दोन्ही प्रकारांना कारखान्यात पाणी दिलेले असते, म्हणजे तापवून झटकन निववून ती कडक केलेली असतात. त्यावर वेल्डिंगचा आर्क लागला की थराच्या अगदी खालची पट्टी पुन्हा लालभडक तापते. ती पाण्यात बुडवली की काचेसारखी ठिसूळ होते, आणि तिच्या जरा पलीकडची पट्टी नुसतीच तापून निवल्यामुळे मऊ पडते. रॉड दमट असेल तर पाण्याच्या अंशातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतल्या आत तडा पाडतो. तुमच्याकडे हे सगळे वळणावर जमून आले, आणि रोटाव्हेटरच्या पात्याला वळणावर मोठा ताण सोसावा लागतो. तिथे थराची काहीही गरज नव्हती.

रॉडचा यात फारसा दोष दिसत नाही. पाण्याच्या टाकीचा आहे, आणि राग मानू नका, थोडा तुमच्या 'कंजुषी करू नका'चाही आहे.

धातुकण | १९ नोव्हेंबर, रात्री ८:४५

ठिणगी यांचे निदान मला पूर्ण पटते. मी तंत्रनिकेतनात धातुशास्त्र शिकवतो. पुड्यावरच्या '६० रॉकवेल' या आकड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बाजारात रॉड त्या आकड्यावर विकला जातो आणि तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

झिजेचा सर्वांत साधा नियम ब्रिटिश संशोधक आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडला. भार जितका जास्त आणि घसरण्याचे अंतर जितके लांब, तितकी झीज जास्त. पृष्ठभाग जितका कठीण, तितकी ती कमी. यावरून कोणालाही वाटेल की ६० रॉकवेलचे दोन थर सारखेच टिकतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. एक थर नुसत्या पाणी दिल्यासारख्या कडक पोलादाचा असतो, ज्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम ६ ते ९ टक्के असते. दुसऱ्यात कार्बन ४ ते ५ टक्के आणि क्रोमियम २५ ते ३० टक्क्यांपर्यंत असते. रॉकवेल यंत्राची सुई दोन्हींत जवळपास सारखीच खोल जाते, पण दुसऱ्या थरात मऊसर गाभ्यामध्ये क्रोमियम कार्बाइडच्या, म्हणजे क्रोमियम आणि कार्बन यांच्या कडक संयुगाच्या, सुया रोवलेल्या असतात, जशा सिमेंटमध्ये गिट्टी. या सुयांचे काठिण्य व्हिकर्स मापाने १२०० ते १८०० पर्यंत जाते. वाळूतल्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, काठिण्य १००० ते १२०० च्या आसपास असते. ५० रॉकवेलच्या पात्याचे काठिण्य याच मापाने जेमतेम ५०० भरते. गार त्या पात्यात नांगरासारखी चर पाडत जाते; कार्बाइडच्या सुईपाशी मात्र तिची मात्रा चालत नाही, ती स्वतःच बोथट होते.

याचाच पुढचा भाग जमिनीशी जोडलेला आहे आणि मला तो विदर्भाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. बुलढाण्यापासून नागपूरच्या पश्चिम कडेपर्यंतची आपली बहुतेक काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसते. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे तर काठिण्याच्या १ ते १० अशा मोस (Mohs) श्रेणीत ३ वर येतात, म्हणजे ते पात्यापेक्षा कितीतरी मऊ असतात. तिथे कंपनीचे कडक पातेच बराच काळ पुरते आणि महागडा थर देऊन फारसा फरक पडत नाही. बरडात मात्र बेसाल्टचे न कुजलेले तुकडे आणि पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या असतात. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झचेच भावंड. नागपूरच्या पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुन्या स्फटिकी खडकांची जमीन लागते. तिकडच्या सिहार आणि बरडी मातीत क्वार्ट्झची वाळू भरपूर असते. त्यामुळे एकच रॉड आर्वीच्या काळीत वाया गेला आणि साकोलीच्या सिहारात सोन्यासारखा ठरला, असे सहज होऊ शकते. पऱ्हाटी यांची उरलेली पाती कमी झिजली ती बरडात, हे लक्षात घ्यावे.

ऐरण | २० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

धातुकण सरांनी जे लिहिले ते वाचून आनंद झाला, पण मला एक शंका मांडायची आहे. आमच्या घरात तीन पिढ्या भाता चालला. वखराची पास आणि नांगराचा फाळ पाजवणे हे उन्हाळ्यातले आमचे मुख्य काम असे. वडील फाळाचे टोक लाल करून तेवढेच टोक पाण्यात बुडवत, बाहेर काढून वाळूने घासत आणि मागच्या उष्णतेने रंग कसा पुढे सरकतो ते पाहत. आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा. त्यांना पाहिजे तो रंग टोकाला आला की पूर्ण फाळ पाण्यात. टोक कडक आणि मागचा भाग चिवट, हे सगळे एकाच लोखंडात. त्यासाठी ना रॉड लागला, ना वीज.

आता माझी शंका. रोटाव्हेटरचे पाते ही झिजून बदलण्याचीच वस्तू आहे. पात्याची किंमत, रॉडची किंमत, वीज, मजुरी आणि तुटलेल्या पात्याने होणारे नुकसान हे सगळे मांडले तर थर देणे खरोखर परवडते का? माझ्या मते थर त्याच वस्तूला द्यावा जी महाग आहे किंवा जी बदलताना अर्धा दिवस मशीन उभे राहते.

आणि एक गोष्ट राहिली. थर दोन्ही बाजूंनी का दिला? उंदराच्या पुढच्या दातांना कडक लुकण फक्त पुढच्या बाजूने असते. मागची मऊ बाजू आधी झिजते आणि दात कायम धारदार राहतो. दोन्ही बाजूंनी थर दिला तर धार गोल होते, मग पाते माती कापत नाही, ढकलते, आणि डिझेल तुम्ही जाळता.

ठिणगी | २० नोव्हेंबर, दुपारी १२:१५

ऐरणदादा, उंदराच्या दाताचे उदाहरण मी यापुढे आमच्या पोरांना सांगणार आहे. एका बाजूचे अगदी बरोबर. कोणती बाजू, हे मात्र पुस्तकावरून ठरवू नये. जुने झिजलेले पाते आणि नवे पाते शेजारी ठेवावे. जी बाजू आधी खाल्ली गेली आहे, तिथे थर.

परवडण्याचा प्रश्न खरा आहे आणि काळ्या जमिनीपुरते तुमच्याशी मी सहमत आहे. बरडात जो दिवसभर भाड्याने चालवतो, त्याला पाती बदलण्याचा वेळही मोजावा लागतो. ऐन हंगामात ४२ पात्यांचे ८४ बोल्ट, त्यातले निम्मे गंजून बसलेले.

धानगिरणी | २० नोव्हेंबर, रात्री ९:५५

मी गोंदिया जिल्ह्यातून लिहितो आहे. आमच्या भातगिरणीत दगडाचा फटका हा प्रकारच नाही, पण झीज आहे आणि ती भयंकर आहे. धानाचा कोंडा हातात मऊ लागतो, म्हणून बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. कोंडा जाळला तर वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते आणि त्या राखेतला ८५ टक्क्यांहून अधिक भाग सिलिका असतो. हा कोंडा पंख्याने पाइपातून फेकला जातो तेव्हा पाइपाच्या वळणाला आतून दिवाळीपर्यंत भोक पडते, मग आम्ही त्यावर पत्र्याचे ठिगळ लावतो आणि त्या ठिगळालाही पुढे भोक पडते.

मी तीन वर्षांपूर्वी पंख्याच्या पात्यांवर क्रोमियम कार्बाइडवाल्या रॉडने रेघा मारून घेतल्या. झिजेच्या बाबतीत काम उत्तम झाले. पण वेल्डरने एका पात्यावर जरा जास्त आणि दुसऱ्यावर जरा कमी असे हाताच्या अंदाजाने केले होते. पंखा सुरू केल्यावर सगळा पाया थरथरू लागला आणि आठवड्याच्या आत बेअरिंग गेले. पुढच्या वेळी प्रत्येक पात्याला मोजून तेवढेच रॉड वापरले, पंखा दांड्यावर मोकळा फिरवून जड बाजू शोधली आणि ग्राइंडरने ती हलकी केली. त्यानंतर त्रास झाला नाही. फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूवर थर देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, रोटाव्हेटरवाल्यांनीसुद्धा. सगळी कोरी पाती एका अंगाला आणि थराची दुसऱ्या अंगाला असे बसवू नये.

पाइपाच्या वळणासाठी मी रॉडच्या भानगडीत पडलो नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक पेटी जोडून घेतली, तीत कोंडा स्वतःच साचतो आणि मागून येणारा कोंडा साचलेल्या कोंड्यावरच घासतो. फुकटातला झीजरोधक थर.

धातुकण | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

धानगिरणी यांची पेटी म्हणजे उत्तम अभियांत्रिकी आहे. वेल्डिंगमध्येही हीच युक्ती वापरतात. बारीक माती किंवा वाळू ज्या भागावरून वाहते तिथे प्रवाहाला आडव्या रेघा मारतात. दोन रेघांमधील फटीत माती गच्च बसते आणि मूळ पोलादाला तीच झाकते. मोठे दगड घसरत जात असतील तर रेघा दगडाच्या वाटेला समांतर मारतात, म्हणजे दगड रेघेवरून घरंगळतो आणि तिला धडक देत नाही. दोन्ही असतील तर जाळी. पूर्ण पृष्ठभाग सलग भरून काढण्याची गरज बऱ्याचदा नसते आणि पात्यासारख्या पातळ वस्तूवर तसे केल्याने उष्णता तेवढी वाढते.

मिसळणीचाही हिशेब सांगून ठेवतो. हाताच्या रॉडने पहिला थर देताना खालचे पोलाद वितळून साधारण ३० टक्के त्यात मिसळते. रॉडने ३० टक्के क्रोमियम आणि ४.५ टक्के कार्बन दिला असे धरले, तर पहिल्या थरात २१ टक्के क्रोमियम आणि सव्वातीन टक्क्यांच्या आसपास कार्बन उरतो. अजूनही कार्बाइड पुरेसे असतात. करंट वाढवून काम उरकले तर मिसळण वाढते आणि महाग रॉडचे पैसे देऊन मध्यम दर्जाचा थर मिळतो. उलट तीनपेक्षा जास्त थर चढवले तर त्यांचे ढलपे निघू लागतात.

ठिणगी | २१ नोव्हेंबर, दुपारी २:००

ज्यांच्याकडे गिट्टीचे क्रशर आहेत त्यांनी वरचे सगळे वाचून जबड्याच्या पाट्यांवर तसेच करू नये, म्हणून ही नोंद. त्या पाट्या मँगनीज पोलादाच्या असतात. इंग्लंडमधील शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते १८८२ मध्ये शोधले; त्यात १२ ते १४ टक्के मँगनीज आणि एक टक्क्याच्या वर कार्बन असतो. ते नवे असताना मऊच असते आणि दगडाचे फटके खाऊन खाऊन वरून कडक होत जाते. चुंबक त्याला चिकटत नाही, हीच त्याची ओळख. पात्याला वेल्डिंगपूर्वी थोडे तापवावे लागते, याला अजिबात तापवायचे नसते. २६० अंशांच्या वर बराच वेळ राहिले तर ते ठिसूळ होते. छोट्या छोट्या रेघा मारून, जागा बदलत, हात लावता येईल इतके थंड होऊ देत काम करावे लागते. एकाच दुकानात सकाळी पाते आणि दुपारी जबडा येतो आणि दोन्हींना एकच हात लागतो, तिथे घोटाळा होतो. (भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गचे मँगनीज आपल्याच भूमीतले, पण त्याचा हा स्वभाव आपल्या दुकानांपर्यंत अजून पोचलेला नाही.)

पऱ्हाटीभाऊ, तुमच्यासाठी कृती अशी. आधी पाते कोणत्या पोलादाचे ते ग्राइंडरवर पाहा. कमानपट्ट्याच्या तुकड्याच्या ठिणग्या आणि पात्याच्या ठिणग्या शेजारी शेजारी काढा. कार्बन जास्त असेल तर ठिणगीला जास्त फाटे फुटतात, फुलबाजीसारखे. बोरॉनचे पाते असेल तर १५० अंशांच्या आसपासच तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चरचरून लगेच उडून जावा इतपत. जास्त तापवले तर कारखान्याने दिलेले पाणी उतरते. कमानपट्ट्याचे असेल तर २५० अंशांपर्यंत जावे लागते. घासून चकचकीत केलेल्या जागेवर गवती पिवळा रंग येऊ लागला की तिथेच थांबा. ऐरणदादांच्या वडिलांचा हाच रंग. रॉड पुड्यावर लिहिलेल्या तापमानाला भट्टीत सुकवून घ्या. ३.१५ मिलिमीटरचा रॉड आणि करंट कमीत कमी. गावात व्होल्टेज पडते तेव्हा आर्क धरून ठेवण्यासाठी पोरे करंट वाढवतात आणि मग व्होल्टेज परत आले तरी तो तसाच राहतो. संध्याकाळी पंप सुरू असताना हे काम काढूच नका. धारेजवळ एका बाजूने आडव्या छोट्या रेघा, वळणाच्या दोन बोटे आधी थांबायचे. नंतर कोरड्या राखेच्या ढिगात पुरून रात्रभर विसरून जायचे.

आणि धूर. क्रोमियमच्या रॉडच्या धुरात क्रोमियमचे घातक रूप असते आणि वेल्डिंगच्या धुराला २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. काम उघड्यावर करा, वारा पाठीवरून नको, बाजूने येऊ द्या, आणि धुराच्या वर वाकू नका. मी तरुणपणी हे पाळले नाही.

नवाट्रॅक्टर | २२ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मी मोबाइलवर पाहिले की आता लोखंडाचाच काचेसारखा लेप बंदुकीने फवारतात आणि तो कशानेच झिजत नाही. लेसरनेही थर देतात. मग हे रॉड जुने झाले नाहीत का? पात्यांवर तोच मारून घेतला तर?

धातुकण | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

तुम्ही पाहिले ते खरे आहे. धातू सेकंदाला लाखो अंश या वेगाने निववला तर त्याच्या अणूंना रांगेत बसायला वेळ मिळत नाही आणि काचेसारखी रचना होते. १९६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पॉल डुवेझ यांच्या गटाने सोने आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूवर हे पहिल्यांदा करून दाखवले. लोखंडात क्रोमियम, मॉलिब्डेनम, बोरॉन आणि कार्बन मिसळले की हीच गोष्ट इतक्या प्रचंड वेगाशिवायही जमते, म्हणून त्याची भुकटी ज्वालेतून फवारता येते. काठिण्य व्हिकर्स मापाने १००० च्या आसपास जाते आणि गंजही सहसा लागत नाही. हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन केंद्रात फवारणीच्या आणि लेसरच्या थरांवर बरेच काम चालते.

पण फवारलेला लेप खालच्या धातूत वितळून मिसळत नाही, तो खरखरीत पृष्ठभागाला पकडून बसतो आणि त्याची जाडी सहसा मिलिमीटरच्या अंशातच असते. पंपाचा दांडा, सीलची जागा, रोलर, अशा जिथे घासणे आहे पण फटका नाही तिथे तो उत्कृष्ट आहे. रोटाव्हेटरचा दांडा मिनिटाला सुमारे २०० फेरे घेतो. पात्याचे टोक केंद्रापासून २४ सेंटिमीटरवर धरले तर ते सेकंदाला ५ मीटर वेगाने दगडावर आदळते. तिथे हा लेप पहिल्या दिवशीच कपच्या होऊन निघेल. लेसरचा थर खाली वितळून बसतो, मिसळणही फार थोडी होते, आणि तो पात्यावर टिकेलही. फक्त ते यंत्र आर्वीला नाही.

ऐरण | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

आणि आर्वीला आले तरी पाते त्यापेक्षा स्वस्त असेल.

पऱ्हाटी | ९ डिसेंबर, रात्री ८:२०

वर्षभराने धागा वर काढतो आहे. इथे सांगितल्याप्रमाणे या हंगामात करून पाहिले, त्याचा वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

ठिणग्या पाहिल्यावर पाती बोरॉनच्या बाजूची वाटली. ४२ पैकी २१ पात्यांवर थर दिला, एकाच बाजूने, जुन्या पात्याशी ताडून. थेंब उडेपर्यंत तापवले, वळणाच्या दोन बोटे आधी थांबलो, प्रत्येक पात्याला दीडच रॉड. मागच्या वेळच्या दुकानात न जाता आमच्याच गावातील एका वेल्डर पोराला शेजारी बसवून सकाळी सहा ते नऊच्या वेळात हे केले, कारण तेव्हा व्होल्टेज पूर्ण असते. पाती बंबातल्या राखेत पुरली. बसवताना थराचे आणि कोरे एकाआड एक, धानगिरणीभाऊंनी सांगितले तसे. बसवण्यापूर्वी प्रत्येक पाते किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून खडूने आकडा लिहिला. खडू पहिल्याच दिवशी पुसला गेला, पण वहीत होते.

एकही पाते तुटले नाही. बरडातील काम संपल्यावर तोलली तेव्हा थराच्या पात्यांची घट कोऱ्या पात्यांच्या सुमारे निम्मी होती. दोन पात्यांवर एकेक टवका निघाला आहे, दोन्ही थराच्या टोकालाच, बहुधा दगडाने. त्यानंतर नदीकाठच्या काळ्या जमिनीत काही दिवस चालवून पुन्हा तोलली, तर दोन्हींची घट इतकी थोडी की काट्यावर फरक धरता आला नाही. म्हणजे धातुकण सरांचा बेसाल्ट आणि ऐरणदादांचा हिशेब दोन्ही आमच्या एकाच शिवारात खरे ठरले. पुढच्या वर्षी काळ्या जमिनीच्या कामाला कोरी पाती आणि बरडाच्या कामाला थराची, असे दोन संच ठेवणार आहे.

एक नवी गोष्ट दिसली, तिच्याविषयी विचारायचे आहे. थराच्या पात्यांत थर जिथे संपतो त्याच्या लगेच मागे, वळणाच्या बाजूला, मूळ पोलादात घळ पडली आहे. कोऱ्या पात्यांत तशी घळ नाही, तिथे सगळे सारखे झिजले आहे. ही घळ खोल गेली तर पाते तिथून वाकेल अशी भीती वाटते. थर थोडा पुढे न्यावा का?

ठिणगी | १० डिसेंबर, सकाळी ७:१५

रेघ पुढे नेऊ नका, नाहीतर पुन्हा वळणावर जाल. थराच्या उंचवट्यावरून माती उसळून मागे एकाच जागी पडते, तिथे ती घासते. शेवटच्या रेघेचा उंचवटा ग्राइंडरने मागच्या बाजूला उतरता करा, म्हणजे माती घसरून जाईल. तरीही घळ पडली तर त्या जागेवर रुपयाच्या नाण्याएवढे दोनच ठिपके, एकमेकांपासून दूर, आणि दुसरा ठिपका पहिला हाताला सोसवेल इतका निवल्यावर. पण आधी उतरता करून एक हंगाम पाहा. कदाचित ठिपक्यांची गरजच पडणार नाही.

ऐरण | १० डिसेंबर, सकाळी ७:५०

पऱ्हाटीभाऊ, टवके निघालेली ती दोन पाती टाकू नका. इकडे आलात तर घेऊन या, मोड कशी आहे ते मला डोळ्यांनी पाहायचे आहे.